चार, धोंडा, सहा

मी शाळेत गणित शिकवते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं जे घडलं त्यात माझा किती जीव जळाला असेल याचा अंदाज येईल. सहावीच्या पोरांकडून मी वर्षभर एकच गोष्ट घोकून घेते, की मोजताना आकडा गाळायचा नाही. आणि माझ्याच पोटातल्या बाळाचे महिने मोजताना माझ्याच घरात, दिवसाढवळ्या, एक अख्खा महिना गाळला गेला.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला होता. पंचांगाचा मेळ बसवायला दर तीन वर्षांनी जो एक जादा महिना घुसडतात, तो. आषाढ संपल्यावर अधिक श्रावण आणि तो सरल्यावर खरा श्रावण, असा तो बेत होता. या जादा महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, नव्या घरात पाऊल नाही. फक्त जावयाला बोलवायचं आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. थोडक्यात, जावई सोडून कुणाचंही भलं व्हायचं नाही असा हा महिना.

माझे महिने पाडव्यापासून मोजायचे होते. त्यात वादाला जागाच नव्हती, कारण पाडव्याच्या सकाळीच माझी पाळी आली होती आणि गुढी सासूबाईंनी एकटीनं उभी केली होती. 'सणाच्या दिवशीच कशी गं तू,' असं त्या तीनदा म्हणाल्या होत्या. ती शेवटची पाळी. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ असे चार महिने सुखरूप झाले. अधिक श्रावणाच्या पहिल्या दिवशी आत्या अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांच्याजवळ जाऊन मी म्हणाले, "आत्या, आजपासून पाचवा लागला."

त्यांनी सुपातून मान वर काढली नाही. "चार झाल्येत."

"चार झाले म्हणजे पाचवा लागला की."

"ह्यो धोंडा हाय. धोंड्यात गणती न्हाय."

"म्हणजे बाळ महिनाभर वाढायचं थांबलंय का?"

"वाढंल न्हायतर झोपंल, त्येचं त्यो बघंल. आपुन मोजायचं न्हाय." आणि त्यांनी सूप असं काही पाखडलं की फोलपटं माझ्या तोंडावर आली.

दुसऱ्या कुठल्या वेळी मी हसून सोडून दिलं असतं. पण पाचवा महिना ही माझ्यासाठी हसण्याची गोष्ट नव्हती. दीड वर्षापूर्वी एक बाळ असंच पाचव्यापर्यंत आलं होतं. पाचव्यातल्या सोनोग्राफीला आम्ही तिघं हौसेनं गेलो होतो, आत्या पेढ्यांचा पुडा पिशवीत घेऊन आल्या होत्या. डॉक्टर बराच वेळ पोटावरून यंत्र फिरवत राहिले, काहीच बोलले नाहीत, आणि मग त्यांनी पडदा माझ्यापासून दुसरीकडं वळवला. पेढे तसेच घरी आले. त्याबद्दल आमच्या घरात नंतर कुणी अवाक्षर काढलं नाही. या खेपेला मला तो पाचवा महिना दिवस मोजून, एकेक दिवस खोडून पार करायचा होता. मी कॅलेंडरवर लाल पेनानं फुल्या मारत होते. आणि इकडं आत्यांच्या लेखी तो महिनाच नव्हता.

भूमला आमचं घर बाजाराच्या रस्त्यावर आहे. त्यामुळं माझं पोट हा घरचा विषय राहिला नाही. डॉक्टरबाई आठवडे मोजायच्या. "अठरा झाले, आता वीसच्या आत मोठी सोनोग्राफी करून घ्या. बाळाचे सगळे अवयव त्यात दिसतात," असं त्या म्हणाल्या. धाराशिवच्या एका केंद्राच्या नावानं चिठ्ठीही दिली. मग म्हणाल्या की कुशीवर झोपा, शक्यतो डाव्या. लोहाची गोळी दुपारी, कॅल्शियमची रात्री, दोन्ही एकत्र घेऊ नका. बाळंतपण कुठं करायचं, रात्री-अपरात्री गाडी कुणाची, रक्त लागलं तर द्यायला कोण, हे आत्ताच ठरवा. ऐनवेळी सुचत नाही, म्हणाल्या. आशाताई तारखा मोजायच्या आणि कार्डावर लिहायच्या. स्टाफरूममध्ये एक बाई पोटाचा आकार पाहून सहावा म्हणाली, दुसरी चेहरा पाहून तिसरा म्हणाली. समोरचा किराणावाला मला पाहिलं की विचारायचा, "कितवा, ताई?" आणि माझ्या आधी आत्या ओट्यावरून ओरडायच्या, "धोंडा!" तो बिचारा दुकानाच्या पायरीवर पडलेला दगड शोधायचा.

माझ्या आईचं वेगळंच. माझं माहेर जळकोट, पण आई मूळची आळंदकडची, तिचं निम्मं बोलणं कानडीत. पाचव्यात लेकीला चोरचोळी करायची, म्हणजे गुपचूप हिरवं खणाचं पोलकं द्यायचं, म्हणून ती शिवून बसली होती. तिनं विचारायला फोन केला तेव्हा आत्यांनी तो माझ्या हातून घेतला. "कुठला पाचवा, विहीणबाई? आजून लागला न्हाय," म्हणून परत दिला. तेव्हापासून आई आणि मी फोनवर कानडीत मोजायला लागलो. पाचाला कानडीत ऐदु म्हणतात. "ऐदु कसा चाललाय?" असं आई विचारायची. "ऐदु बरा आहे, ऐदुचे बारा दिवस झाले," असं मी सांगायची. चौथ्या दिवशी आत्यांनी भाकरी थापता थापता विचारलं, "ह्यो ऐदू कोण गं?"

"आईकडचा... शेजारचा आहे."

"आजारी हाय का? रोज इचारती म्हून म्हनलं."

"हो, थोडा."

"मंग डाक्टरला दावा म्हणावं," आत्या म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

डॉक्टरला दाखवायचं हेच तर अडलं होतं. सोनोग्राफीचं नाव काढलं की आत्या म्हणायच्या, "धोंड्यात पोट दावत न्हाईत. फुडच्या म्हैन्यात जाऊ." पुढच्या महिन्यात बावीस-तेवीस आठवडे झाले असते. मी त्यांना आठवड्यांचं गणित सांगितलं, डॉक्टरबाईंची चिठ्ठी वाचून दाखवली, शेवटी चिडून म्हणाले, "आत्या, मशीनला धोंडा कळत नाही." त्या शांतपणे म्हणाल्या, "तेच तर म्हणते म्या. मशीनला काय कळतंय?" मी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. खरं सांगायचं तर, मलाही त्या खोलीत पुन्हा जायची भीती वाटत होती. त्यांनी अडवलं की मी तणतणायची, आणि आतून कुठं तरी सुटल्यासारखंही वाटायचं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचाच राग यायचा.

नवऱ्याचं बी-बियाणांचं दुकान आहे. त्याला खोटं बोलता येत नाही. बियाणं उगवलं नाही तर गिऱ्हाइकाच्या आधी तोच कबूल करतो. तरीही त्यानं बेत केला. जळकोटहून धोंडे खायचं आमंत्रण आलंच होतं. मंगळवारी सकाळच्या एसटीनं निघायचं, वाटेत धाराशिवला उतरून सोनोग्राफी उरकायची, आणि तिथून तुळजापूरवरून जळकोट. आत्यांना एवढंच सांगायचं, की धोंडे खायला चाललोय. बेत चोख होता. सोमवारी संध्याकाळी आत्या म्हणाल्या, "उद्या मंगळवार हाय. धोंड्याच्या म्हैन्यात आईचं दर्शन लई पुण्याचं. म्या बी येते तुळजापूरपतुर." आणि त्यांनी ओटीचं सामान काढायला घेतलं.

अशा रीतीनं, जिच्यापासून लपवायचं तिलाच सोबत घेऊन आम्ही निघालो. सोनोग्राफीला लघवी थोडी तुंबलेली लागते म्हणून मी घरून पाणी पीत निघाले. कंडक्टर आला. बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा दोन अर्धी आणि एक अख्खं झालं. आत्यांनी त्याला थांबवलं.

"भाऊ, हिला फुडची सीट द्या. चार भरून धोंडा लागलाय."

कंडक्टरनं क्षणभर विचार केला. "म्हंजे पाचवा की, मावशी."

"तुमी तिकिटं फाडा," आत्या म्हणाल्या.

भूम सोडल्यावर रस्ता असा काही लागला की गाडीतले सगळेच गरोदर वाटावेत, प्रत्येकाचा हात पोटावर. मला आत काहीतरी टुचकन हललं. बाळ हलायची मी आठवडाभर वाट पाहत होते. पण रस्त्यात खड्डा होता, तेव्हा धरायचं कसं? पुन्हा हललं, पुन्हा खड्डा. मी मनात तक्ता मांडला, खड्डा आणि हालचाल, हालचाल आणि खड्डा, प्रत्येक वेळी दोन्ही बरोबरच. माझ्यासारख्या बाईला पुरावा लागतो. धाराशिवच्या स्टँडवर गाडी थांबली, ड्रायव्हरनं इंजीन बंद केलं, माणसं उतरायला लागली. मी जागची हलले नाही. आणि तेव्हा, गाडी गप्प उभी असताना, आत पुन्हा टुचकन झालं. मी तिथंच बसून रडायला लागले. आत्या म्हणाल्या, "लघवी लागली व्हय? सांगायचं की मंग."

स्टँडबाहेर नवऱ्याच्या बेताचा पुढचा भाग सुरू झाला. "आई, तू जरा इथं चहा घे. आम्ही दोघं एक फोटो काढून येतो."

"कसला फोटो?"

"असाच. दोघांचा."

"मंग म्या बी येते. धोंड्याची आठवन राहील." त्यांनी पदर सारखा केला, पिशवीतून फणी काढून पुढचे केस बसवले, आणि त्या आमच्यापुढं चालू लागल्या. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलंच नाही.

केंद्राच्या दारावर मोठी पाटी होती. इथं गर्भलिंग निदान केलं जात नाही. आत्यांना वाचता येतं, पण सावकाश. त्या एकेक अक्षर लावत पूर्ण पाटी वाचून होईपर्यंत आम्ही दोघं चोरासारखे मागं उभे होतो. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "फोटोचं दुकान चांगलं निवडलंस." मग चप्पल काढून आत गेल्या आणि बाकड्यावर जाऊन बसल्या. रागावल्या की नाही, काही कळेना. पेढ्यांचा पुडा आणला होता तेव्हाही त्या अशाच ताठ बसल्या होत्या, हे मला आठवलं.

खिडकीतल्या मुलीनं फॉर्म पुढं ओढला. "कितवा महिना?"

"पाचवा," मी म्हणाले.

"चार," बाकड्यावरून आवाज आला.

"नक्की किती?"

"चार लिवा, आन म्होरं धोंडा लिवा."

"आजी, फॉर्ममध्ये धोंड्याचा रकाना नाही."

"मंग कोरं सोडा."

मुलीनं शेवटी पाळीची तारीख घेतली आणि वीस आठवड्यांना एक दिवस कमी असं लिहून टाकलं. आठवड्यांवर आत्यांचा आक्षेप नव्हता. त्यांचं भांडण फक्त महिन्यांशी होतं. त्या वेळी मला हा नुसता हेका वाटला.

आत एकच नातेवाईक चालेल म्हणाले. नवरा उठला, पांढराफटक पडला आणि पुन्हा बसला. जळकोटच्या धोंड्यांसाठी पोट रिकामं ठेवून सकाळपासून उपाशी होता, असं त्यानं नंतर सांगितलं. तेवढंच कारण होतं असं मला वाटत नाही. आत्या माझ्याबरोबर आल्या. मी पलंगावर झोपले, पोटावर गार चिकट काहीतरी ओतलं. आत्या पडद्याकडं पाठ करून, भिंतीला तोंड लावून उभ्या राहिल्या.

"आजी, इकडं बघा ना. बाळ दाखवतो," डॉक्टर म्हणाले.

"तुमचं चालू द्या. म्या काय बघत न्हाय."

डॉक्टर यंत्र फिरवत राहिले. काहीच बोलेनात. मी छताकडं पाहत मनात सतरापर्यंत मोजलं, पुढचा आकडा सुचेना. वीस वर्षं गणिताशी संबंध आणि मला सतरानंतरचं येईना. मग अचानक खोलीत आवाज सुरू झाला, धडधड धडधड, थांबायचं नाव नाही.

भिंतीकडूनच आत्या म्हणाल्या, "कडबाकुट्टीचं मशीन कुनी लावलं?"

"ठोके आहेत आजी, बाळाचे."

आत्या वळल्या नाहीत. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता, एवढं मला बाजूनं दिसलं. डॉक्टरांनी एकेक करून सगळं सांगितलं. डोकं, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, दोन मूत्रपिंडं, हातपाय. "सगळं छान आहे. पाचव्या महिन्यात जसं पाहिजे अगदी तसं..."

"पाचवा म्हनू नका, डाक्टर," आत्या म्हणाल्या. आवाज चिरका लागला. "वीस का काय ते म्हना. पाचवा म्हनू नका."

डॉक्टर माझ्याकडं पाहायला लागले. मी म्हणाले, "वीस म्हणा, सर." का म्हणाले ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं.

पुढं सगळं आनंदाचं आणि अती झालं. तुळजापूरला मंगळवारची गर्दी होती. आत्यांनी ओटी भरली आणि तिथून आमच्याबरोबर थेट जळकोटला आल्या. पुरणाच्या धोंड्यांच्या वाटेवरून माघारी फिरलं तर पाप लागतं, असं त्यांनी परस्पर ठरवलं. आईनं नवऱ्याला पाटावर बसवलं. त्यानं उपासाची भरपाई अशी केली की शेवटी त्याचं पोट माझ्यापेक्षा पुढं आलं. त्याला डाव्या कुशीवर झोपवावं लागलं. आई त्याला ओवा देत होती आणि माझ्या कानात हळूच विचारत होती, "ऐदु?" मी मान डोलावली. हिरवं पोलकं मात्र तिनं कपाटातच ठेवलं. आत्यांसमोर तिची हिंमत झाली नाही.

धोंडा सरला. अमावास्येच्या दिवशी मी कॅलेंडरवर शेवटची फुली मारली. दुसऱ्या दिवशी खरा श्रावण लागला. सकाळी आत्या अंगणात सडा टाकत होत्या. महिनाभराचा राग होता, आता गणितात पकडायची संधी होती, म्हणून मी मुद्दाम दारात उभी राहून म्हणाले, "आत्या, धोंडा गेला. म्हणजे तुमच्या हिशेबानं आज पाचवा लागला. बरोबर ना?"

"पाचवा कशाचा? सहावा लागला."

"सहावा? महिनाभर मोजू दिलं नाही, आणि आता सहावा? चारानंतर सहा?"

त्यांनी बादली खाली ठेवली. ओल्या हाताची बोटं माझ्यासमोर धरली आणि करंगळीपासून मिटायला लागल्या. "चैत. वैशाख. जेठ. आखाड." चार बोटं मिटली. अंगठा तसाच उभा ठेवला, आणि दुसऱ्या हाताची करंगळी मिटली. "सरावन. सहावा."

"आणि हा अंगठा?"

"त्यो धोंडा." त्यांनी रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहिलं आणि हळू बोलल्या. "मागल्या बारीला पाचवा आला आन लेकरू घिऊन गेला. औंदा त्यो पुन्यांदा आला आसंल आपल्या दारात, शोधीत. म्या पाचवा घरात ठिवलाच न्हाय. धोंड्यात लपवला. धोंड्याची गणती कुनाकडंच नसती, त्याला घावंल कसा?"

मी दारातच बसले. एका महिन्यात मी लाल पेनानं जेवढ्या फुल्या मारल्या होत्या, तेवढे दिवस ही बाई ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर 'धोंडा' म्हणून ओरडत होती. माझ्याइतकीच घाबरलेली होती, आणि एका शब्दानं मला ते दाखवलं नव्हतं. मला हुंदका आवरेना.

"आता रडू नगं, सहाव्यात रडू न्हाय," असं म्हणून त्यांनी बादली उचलली. मग जाता जाता म्हणाल्या, "आन आईला फोन लाव. म्हणावं, त्यो तुमचा ऐदू गेला. पोलकं घिऊन या."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बाजारात बांगड्यावाली हाय की उमरग्याची, कानडी बोलती. तिला इचारलं दुसऱ्याच दिशी."

मार्गशीर्षात मुलगी झाली. दिवस भरून, वजनाला चांगली, आवाजाला आत्यांसारखी. आता अडीच वर्षांची आहे, आणि यंदा पुन्हा धोंड्याचं वर्ष आलंय. परवा अंगणवाडीतल्या बाईंनी मला रस्त्यात गाठलं. "मॅडम, तुम्ही गणिताच्या, आणि तुमची मुलगी एक, दोन, तीन, चार, धोंडा, सहा म्हणते. बाकीची पोरंही तसंच म्हणायला लागलीत." लाजेनं माझा चेहरा लाल झाला. घरी येते तो ओट्यावर आजी आणि नात दोघी बोटं मिटत बसलेल्या.

"आत्या, हे काय शिकवलंय तिला?"

"म्या न्हाय शिकवलं. म्या मोजीत बसते तवा आयकून शिकली."

पोरगी जोरात म्हणाली, "चार, धोंडा, सहा!"

आत्यांनी तिचा उभा राहिलेला अंगठा आपल्या हातात धरला. बराच वेळ धरला. मग तो हळूच मिटवला आणि म्हणाल्या, "पाच म्हन, बाय. आता पाच म्हनलं तरी चालतंय."